विश्लेषण : फॉलोअर हजारो, पण पेट्या विकल्या जाईनात... सोशल मीडियावर छोटा व्यवसाय नेमका कशावर चालतो?

मार्च लागला की मराठी माणसाच्या मोबाइलवर आंब्याच्या पेट्या दिसू लागतात. 'थेट बागेतून', 'अस्सल देवगड', 'घरपोच' असे शब्द आणि खाली एक मोबाइल क्रमांक. इन्स्टाग्रामवर रील, फेसबुकवर पोस्ट, सोसायटीच्या ग्रुपवर संदेश. यातल्या काही विक्रेत्यांच्या पेट्या हंगामाच्या मध्यालाच बुक होतात. काहींच्या रीलला मात्र लाखभर व्ह्यूज मिळूनही माल शेवटी बाजार समितीत किंवा कॅनिंगला द्यावा लागतो. माल तोच, मोबाइल तोच, ॲपही तेच. मग फरक कुठे पडतो? हापूसच्या थेट विक्रीच्या उदाहरणातून समजून घेऊ. दिवाळीचा फराळ, पापड-लोणची, साड्या किंवा शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांनाही यातले बहुतेक मुद्दे लागू पडतात.

आंब्याची पेटी मोबाइलवर कशी आली?

हापूसचा पारंपरिक प्रवास ठरलेला होता. बागायतदार पेटी भरून वाशीच्या बाजार समितीत पाठवायचा, तिथून माल घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांमार्फत ग्राहकाच्या घरी जायचा. आपला आंबा कोणी खाल्ला हे बागायतदाराला कळत नसे आणि आंबा कोणाच्या बागेतला हे ग्राहकाला कळत नसे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कोकणात काढणी सुरू होती. वाहतूक आणि बाजार विस्कळीत झाले. झाडावरचे फळ थांबणार नव्हते. त्यामुळे अनेक बागायतदारांनी मुंबई, ठाणे, पुण्यातील ओळखीच्यांना गाठले आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी गोळा करून गाडी थेट सोसायटीच्या दारात नेली.

यासाठी लागणारी साधने तोवर तयार होती. यूपीआय २०१६ पासून होते. छोट्या व्यावसायिकांसाठीचे मोफत 'व्हॉट्सॲप बिझनेस' ॲप २०१८ मध्ये आले होते आणि त्यात मालाची यादी छायाचित्रांसह दाखवण्याची कॅटलॉगची सोय २०१९ च्या अखेरीस मिळाली होती. टाळेबंदी संपली, सवय मात्र राहिली.

पण एक गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा आली. दलाल वगळता येतो, दलालाचे काम वगळता येत नाही. ग्राहक शोधणे, प्रतवारीची हमी देणे, पैसे वसूल करणे आणि तक्रार ऐकून घेणे ही सगळी कामे आता बागायतदाराच्याच अंगावर आली. सोशल मीडिया हे या कामांचे साधन आहे. त्याकडे केवळ जाहिरातीचा फलक म्हणून पाहिले, तर एकच काम होते आणि बाकीची तीन पडून राहतात.

फॉलोअर वाढले म्हणजे ग्राहक वाढले का?

नाही. याचे एक कारण तांत्रिक आहे. पोस्ट टाकली की ती सर्व फॉलोअरना दिसते, असा समज असतो. प्रत्यक्षात कोणाला काय दाखवायचे ते त्या माध्यमाची गणिती प्रणाली, म्हणजे अल्गोरिदम ठरवतो. ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केले, की फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये यापुढे मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल आणि व्यवसाय, ब्रँड व माध्यमांचा मजकूर कमी दिसेल. व्यवसायाच्या पेजवर हजारो 'लाइक' जमवलेल्यांना याचा फटका बसला. लोक तेवढेच होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पैसे मोजण्याची वेळ आली.

इन्स्टाग्रामवरही गणित वेगळे नाही. एखादी पोस्ट किती वेळ पाहिली गेली, किती जणांना आवडली आणि किती जणांनी ती कोणाला तरी खासगीत पाठवली, या तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्यातही अनोळखी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी 'पाठवणे' अधिक मोलाचे. म्हणजे एका बहिणीने दुसरीला 'हे बघ, यांच्याकडून मागवू या का?' म्हणून पाठवलेली रील, केवळ पाहून पुढे सरकवलेल्या रीलपेक्षा कामाची.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. आंब्याची रील नागपूर, इंदूर किंवा दुबईत व्हायरल झाली आणि विक्रेत्याची गाडी फक्त ठाणे ते पुणे जात असेल, तर त्या व्ह्यूजचा उपयोग शून्य. त्यामुळे 'किती जणांनी पाहिले' यापेक्षा 'माझी गाडी जिथे जाते, तिथल्या किती जणांनी पाहिले' हा प्रश्न विचारायला हवा. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात 'इनसाइट्स' या भागात शहरानुसार माहिती मिळते.

मग विक्री होते कशावर?

विश्वासावर. हापूसच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, आणि त्याचे कारण आहे 'साका'. साका असलेले फळ बाहेरून तुकतुकीत दिसते, वासही येतो, पण कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. कापल्याशिवाय तो डोळ्यांना कळत नाही. म्हणजे ग्राहक जेव्हा पैसे देतो तेव्हा त्याला मालाची परीक्षा करता येत नाही. तो माल घेत नसतो, देणाऱ्याचा शब्द घेत असतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन हीच अडचण मांडली होती. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात ग्राहक चांगल्या मालालाही चांगला भाव द्यायला कचरतो. परिणामी चांगला माल विकणारेच बाजारातून मागे हटतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. परराज्यातील फळ 'देवगड'च्या खोक्यात भरले गेले, की कोकणातल्या बागायतदाराला नेमका हाच अनुभव येतो.

यावर उपाय म्हणून 'हापूस' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळालाच ते नाव वापरता येते. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर लावण्याची व्यवस्थाही आणली. मात्र मानांकन फळाचे गाव सांगते, पाठवणाऱ्याचा स्वभाव सांगत नाही. पेटीत चार फळे खराब निघाली तर हा माणूस फोन उचलेल का, याचे उत्तर ओळखीतूनच मिळते.

ओळखी मोजक्याच असतील तर?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधील 'कमकुवत धाग्यांचे बळ' हा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. जवळच्या माणसांच्या ओळखी बहुधा आपल्याच ओळखीच्या असतात. त्यामुळे नवी माहिती आणि नव्या संधी अनेकदा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येतात. जुना वर्गमित्र, बहिणीच्या कार्यालयातील सहकारी, मुलाच्या शाळेतील पालक, गावच्या मंडळाचे मुंबईकर सभासद, ही सगळी त्या धाग्यांची टोके. पूर्वी हे धागे लग्नकार्यात किंवा जत्रेत वर्षातून एकदा ताणले जायचे. सोशल मीडियाने ते वर्षभर हाताशी आणून ठेवले, हीच त्याची खरी ताकद आहे.

पण धागा हाताशी असणे वेगळे आणि तो ओढत राहणे वेगळे. दहा महिने कोणाची विचारपूस नाही आणि मार्चमध्ये अचानक 'पेटी बुक करा' असा संदेश आला, की माणूस तो वाचतो आणि पुढे जातो.

कोणते माध्यम कशासाठी वापरावे?

प्रत्येक माध्यमावर सगळेच करण्याचा प्रयत्न छोट्या व्यावसायिकाला दमवतो. कामे वाटून घेतलेली बरी.

• इन्स्टाग्राम : नव्या लोकांना ओळख करून देण्यासाठी. काढणी, प्रतवारी, पेटी भरणे अशा छोट्या चित्रफिती इथे चालतात. व्यावसायिक खात्याला लोकप्रिय चित्रपटगीते वापरण्यावर मर्यादा असतात. बागेतला मूळ आवाज किंवा स्वतःचे निवेदन वापरणे सुरक्षित.

• फेसबुक : चाळिशीपुढचा ग्राहक, गावाचे, शाळेचे आणि ज्ञातीचे ग्रुप यांच्यासाठी. मात्र ग्रुपच्या नियमांत विक्रीला परवानगी आहे का, हे आधी पाहावे.

• यूट्यूब : 'आंबा कसा पिकवावा', 'साका म्हणजे काय' अशा प्रश्नांची सविस्तर उत्तरे देण्यासाठी. अशी चित्रफीत पुढच्या हंगामातही शोधली जाते.

• गूगल बिझनेस प्रोफाइल : मोफत आहे. नाव, पत्ता, वेळ आणि ग्राहकांचे अभिप्राय एकत्र दिसतात. नवा ग्राहक पैसे पाठवण्याआधी नाव शोधून पाहतो, तेव्हा काही तरी सापडायला हवे.

• व्हॉट्सॲप बिझनेस : प्रत्यक्ष व्यवहारासाठी. दर, ऑर्डर, पत्ता, पैसे, तक्रार हे सगळे इथेच होते.

थोडक्यात, इन्स्टाग्राम आणि फेसबुक हे दार, तर व्हॉट्सॲप ही बैठकीची खोली. दारावर कितीही तोरणे लावली तरी आत आलेल्याला पाणी विचारले नाही, तर तो परत येत नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट, ग्रुप आणि चॅनल यांत फरक काय?

इथे सर्वाधिक गोंधळ होतो आणि ग्राहकही इथेच दुखावतात.

ब्रॉडकास्ट लिस्टमधून एकाच वेळी कमाल २५६ जणांना संदेश पाठवता येतो. प्रत्येकाला तो स्वतंत्र चॅटमध्ये, खासगी संदेशासारखा मिळतो. अट एकच, समोरच्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला असला पाहिजे. ही अट त्रासाची वाटते, पण तीच उत्तम चाळणी आहे. ज्याने नाव जतन केले, त्याला संबंध ठेवायचा आहे.

ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. मात्र सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. न विचारता ग्राहकांना एका ग्रुपमध्ये टाकणे म्हणजे त्यांचा क्रमांक अनोळखी लोकांच्या हाती देणे. त्यातून एकाची तक्रार सगळ्यांची चर्चा होते आणि 'गुड मॉर्निंग' संदेशांत दर हरवून जातात.

चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आले. ते एकतर्फी असते. अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. रोजचा दर किंवा गाडीचे वेळापत्रक कळवण्यासाठी ते सोयीचे, बोलण्यासाठी नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी आधी परवानगी घ्यावी. 'ताई, पुढच्या हंगामात आंबा निघाला की कळवू का?' एवढे विचारणे पुरेसे असते. व्हॉट्सॲपच्या व्यवसायविषयक धोरणातही ग्राहकाच्या संमतीची अट आहे. अनेकांनी 'ब्लॉक' किंवा 'रिपोर्ट' केले तर खाते बंद होऊ शकते, आणि ऐन एप्रिलमध्ये बंद झालेले खाते म्हणजे पिकलेला माल घरात.

रोज काय पोस्ट करायचे?

'आमचा आंबा सर्वोत्तम' हे वाक्य प्रत्येक जण लिहितो, त्यामुळे ते कोणीच वाचत नाही. लोकांना वाचायला आवडते ते काम. बागेचे वर्षच मजकूर पुरवते.

डिसेंबर-जानेवारीत मोहोर. यंदा किती आला, तुडतुडे आणि थ्रिप्सचा त्रास आहे का, फवारणी कशाची केली. फेब्रुवारीत कणी धरली का, गळ किती झाली. मार्चमध्ये पहिली काढणी, देठासह फळ उतरवणारा झेला, वजनानुसार प्रतवारी. एप्रिलमध्ये आढी, भाताचा पेंढा, रंग बदलणारे फळ. मेअखेरीस पाऊस आणि शिल्लक फळांचे काय केले ते.

यात वाईट बातमीही सांगावी. अवकाळी पावसाने डाग पडले असतील तर ते छायाचित्रासह सांगणारा विक्रेता पुढे 'या आठवड्याचा लॉट चांगला आहे' म्हणतो, तेव्हा लोक विश्वास ठेवतात. नेहमीच सगळे उत्तम असणाऱ्यावर कोणी ठेवत नाही.

विक्रीनंतरचा संदेशही मजकूरच आहे. 'काका, पेटी मिळाली का? फळे खोक्यातून काढून पेंढ्यावर पसरा, कच्ची असताना फ्रिजमध्ये ठेवू नका. देठाजवळ सुरकुती आली आणि वास सुटला की खायला घ्या.' हा संदेश व्हॉट्सॲप बिझनेसमधील 'क्विक रिप्लाय' सुविधेत एकदा जतन करून ठेवता येतो. नाव मात्र प्रत्येक वेळी हाताने लिहावे. फळ चुकीचे ठेवल्याने होणाऱ्या तक्रारीही त्यामुळे कमी होतात.

तक्रार आली तर काय करावे?

साका निघालेल्या फळाचे छायाचित्र सोसायटीच्या ग्रुपवर पडते, तो क्षण या व्यवसायाची परीक्षा असतो. तिथे दोनशे कुटुंबे उत्तराची वाट पाहत असतात.

'आमच्याकडे असे होत नाही' किंवा 'तुम्हीच नीट ठेवले नसेल' ही उत्तरे पेटीच्या किमतीपेक्षा महाग पडतात. त्याऐवजी जिथे तक्रार आली तिथेच थोडक्यात आणि लवकर उत्तर द्यावे : 'वहिनी, फोटो पाहिला, हा साका आहे. बाहेरून ओळखता येत नाही, पण जबाबदारी आमची. किती फळे निघाली ते मला वेगळे कळवा, पुढच्या गाडीने बदलून देतो.' मग उरलेले बोलणे खासगीत. फळे पोहोचली की अनेकदा ग्राहकच ग्रुपवर तसे सांगतो, आणि ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठी जाहिरात ठरते.

यासाठी बदलीचा नियम आधीच ठरलेला आणि लिहिलेला हवा : किती दिवसांत कळवायचे, फोटो लागेल का, फळ मिळेल की पैसे. या बदलीचा खर्च पेटीच्या दरात धरलेला नसेल, तर मनात असूनही बदलून देता येत नाही.

नातेवाईक आणि मित्रांना विकणे योग्य का?

सुरुवात तिथूनच होते आणि अडचणीही तिथेच येतात. मामा उधारीवर नेतात, मैत्रीण 'घरचाच भाव लाव' म्हणते, पैसे मागायला संकोच वाटतो. दुसरीकडे, नातेवाइकांनाही 'नको' म्हणणे जड जाते. घेतलेला माल आवडला नाही तरी ते सांगत नाहीत. फक्त पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. त्यात धंदा जातो आणि नातेही अवघडते.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. कौटुंबिक ग्रुपवर विक्रीचा संदेश हंगामात एकदाच टाकावा आणि खाली 'ज्यांना हवे त्यांनी मला वेगळा मेसेज करा' असे लिहावे. दर सर्वांना एकच ठेवावा. ज्यांना द्यायचे आहे त्यांना भेट म्हणून द्यावे, अर्धवट सवलत नको. वैयक्तिक आणि व्यवसायाचा क्रमांक वेगळा ठेवावा, म्हणजे आत्याचा फोन आत्याचाच राहतो. आणि कोणाच्या घरी दुखवट्याची बातमी आली असेल, त्या दिवशी त्या ग्रुपवर दरपत्रक जाऊ नये. ब्रॉडकास्ट वेळ ठरवून पाठवणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

कायदा काय सांगतो?

छोटा विक्रेता असला तरी जाहिरातीचे नियम लागू होतात.

• ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

• 'शेवटच्या पाच पेट्या' असे खोटेच लिहून घाई करायला लावणे हा नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांनुसार गैरप्रकार आहे.

• इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा मोफत पेटी देऊन पोस्ट करून घेतली असेल, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये, तर जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

• आंबापोळी, लोणचे, आमरस असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर असावा लागतो.

• फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या वापरावर देशात बंदीच आहे. त्यामुळे 'कार्बाइडमुक्त' हा काही खास गुण नव्हे, ती किमान अपेक्षा आहे. 'नैसर्गिक' किंवा 'सेंद्रिय' लिहिताना मात्र ते सिद्ध करता आले पाहिजे.

फसवणूक कशी टाळायची?

हंगामात बनावट पेजही उगवतात. दुसऱ्याच्या बागेची छायाचित्रे, निम्मा दर, आगाऊ रक्कम आणि मग बंद फोन. फसतो ग्राहक, पण नाव खराब होते ते मूळ बागायतदाराचे.

विक्रेत्याने आपला एकच अधिकृत क्रमांक सर्व माध्यमांवर सारखा द्यावा. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनची 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावावी, ओटीपी कोणालाही सांगू नये आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी उपकरण नाही ना, हे अधूनमधून तपासावे. 'मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, फक्त क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. 'पेमेंट झाले'च्या स्क्रीनशॉटवर विसंबून पेटी सोडू नये, बँक खात्यात रक्कम दिसली पाहिजे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणे अवघड.

ॲपच बंद पडले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि तिथे लाखो फॉलोअर जमवलेल्यांची कमाई एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद होते. एप्रिलच्या ऐन गर्दीत असे सहा तास गेले तर गाडीतल्या पेट्या कोणाच्या, हेच कळणार नाही.

फॉलोअर हे त्या माध्यमाच्या मालकीचे असतात. विक्रेत्याच्या मालकीची असते ती ग्राहकांची यादी : नाव, क्रमांक, भाग, मागच्या वर्षी किती पेट्या, आवड मोठ्या फळाची की लहान, तक्रार काय होती. ही यादी साध्या वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये वेगळी ठेवावी आणि दर आठवड्याला अद्ययावत करावी. ती इतरांना देऊ किंवा विकू नये. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी ग्राहकाने आपला पत्ता आंबे पोहोचावेत म्हणून दिलेला असतो.

यश मोजायचे कशाने?

लाइकने नव्हे, परत येणाऱ्या घरांनी. एक साधा हिशेब पाहा. समजा, एका बागायतदाराला हंगामात दोन डझनांच्या ३०० पेट्या थेट विकायच्या आहेत. एक कुटुंब दोन पेट्या घेत असेल, तर त्याला १५० कुटुंबे हवीत. दीड लाख फॉलोअर नकोत.

पुढच्या वर्षी यातली १०५ कुटुंबे परत आली तर ४५ नवी शोधावी लागतील. परत आलेल्यांपैकी निम्म्यांनी एकेक नाव सुचवले तर जाहिरातीवर एक रुपयाही खर्च न करता तो आकडा गाठता येतो. पण केवळ ४५ परत आली तर १०५ नवी शोधावी लागतात, आणि दरवर्षी जवळपास पहिल्यापासून सुरुवात होते. मग रील, इन्फ्लुएन्सर, पैसे देऊन केलेली जाहिरात हे सगळे वाढत जाते आणि पेटीमागचा नफा घटत जातो. खोका, पेंढा, वाहतूक, बदली फळे, जाहिरात आणि संध्याकाळी सात ते दहा मोबाइलवर घालवलेले तास, हे सगळे पेटीच्या हिशेबात धरले तरच थेट विक्री परवडते की नाही ते कळते. काहींना सगळा माल थेट विकण्याऐवजी काही पेट्या थेट आणि उरलेला माल बाजारात, हेच गणित योग्य वाटेल. त्यात कमीपणा काही नाही.

म्हणूनच या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा संदेश मार्चमध्ये नव्हे, जूनमध्ये जातो. हंगाम संपलेला असतो, विकायला काही नसते. 'यंदा आंबा कसा वाटला? काही कमी राहिले असेल तर मोकळेपणाने सांगा.' या संदेशाला जी उत्तरे येतात, तीच पुढच्या वर्षीची ग्राहकयादी असते.